धाकट्या लेकीचं घर आणि सरकारी रकाना

लाओसची राजधानी व्हिएन्टिएनच्या बाहेर, मेकाँग नदीकाठच्या सखल पट्ट्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. लाकडी खांबांवर उचललेलं. खाली हातमाग, कोंबड्या आणि एक जुनी मोटरसायकल. वर आजी, आजोबा, त्यांची धाकटी मुलगी, जावई आणि दोन नातवंडं. हे घर कुण्या एका कुटुंबाचं नाही, मी ते उदाहरणादाखल उभं केलं आहे. पण लाओसमधल्या बायका आणि जमीन या विषयावर काहीही वाचायला घ्या, हे घर कुठल्या ना कुठल्या रूपात भेटतंच.

साल १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धातलं. जमिनीची मोजणी करणारं पथक गावात आलंय. चटया अंथरल्या आहेत, नमुने समोर ठेवलेत. कर्मचारी विचारतो, "मावशी, तुमच्या घरात कुटुंबप्रमुख कोण?" आजी जावयाकडे बघते. जावई पुढे सरकतो, नाव सांगतो, सही करतो. पाच मिनिटांत काम होतं. कुणी खोटं बोललं नाही, कुणी कुणाला फसवलं नाही. पण भाताचं जे खाचर आजीला तिच्या आईकडून मिळालं होतं आणि जे तिनं लग्नानंतर धाकटीला चार माणसांदेखत तोंडी देऊन टाकलं होतं, ते कागदावर जावयाचं झालं.

या प्रकरणाची सगळी मेख त्या पाच मिनिटांत आहे.

जावई नांदायला येतो

आपल्याकडे 'घरजावई' हा शब्द उच्चारला की मागून टोमणा येतोच. सखल भागातल्या लाओ लोकांत मात्र तो रिवाज आहे. लग्न झालं की मुलगा मुलीच्या घरी राहायला जातो. मधल्या बहिणीचं लग्न ठरलं की थोरलीचा संसार हळूहळू वेगळा होतो, बहुतेक वेळा त्याच आवारात किंवा हाकेच्या अंतरावर. असं करत शेवटी आईवडिलांजवळ उरते ती सगळ्यात धाकटी मुलगी. म्हाताऱ्यांचं दुखणंखुपणं तिनं काढायचं, त्यांच्या अंत्यविधीचं बघायचं, आणि राहतं घर तिचं. बहिणींनाही जमिनीत वाटा मिळतो. मुलांना बरेचदा रोख किंवा जनावरं देऊन वाटेला लावतात, कारण ती बायकोच्या गावी, सासूच्या शेतावर खपणार असतात.

लग्नाचा दिवस पाहिला तर हे सगळं डोळ्यांना दिसतं. वरात मुलाच्या घरून निघते ती मुलीच्या घराकडे. पुढे ढोलकं आणि 'खेन', म्हणजे बांबूच्या नळ्यांचं तोंडानं वाजवायचं वाद्य. दारात मुलीकडचे लोक चांदीचा कमरपट्टा आडवा धरून वाट अडवतात. कुठून आलात, काय घेऊन आलात, पोरीला नीट सांभाळाल का, असे प्रश्न होतात. तांदळाच्या दारूचे पेले रिचवल्याशिवाय आणि थोडे पैसे सुटल्याशिवाय पट्टा खाली येत नाही. उंबऱ्याशी मुलीची धाकटी बहीण केळीच्या पानावर नवऱ्या मुलाचे पाय धुते, त्याचीही बिदागी घेते. मग 'बासी': फुलांच्या मनोऱ्याभोवती सगळे बसतात आणि दोघांच्या मनगटांवर पांढरे दोरे बांधत आशीर्वाद देतात. ते दोरे निदान तीन दिवस सोडायचे नसतात. हुंड्याचा प्रवाहही उलटा. 'खा दोंग' म्हणून पैसे आणि सोनं मुलाकडचे मुलीकडच्यांना देतात. सोनं मोजतात 'बाट' या मापात, एक बाट म्हणजे साधारण १५ ग्रॅम.

आपल्या कानांना हे सगळं स्त्रीराज्य वाटायला लागतं. तिथे जरा थांबावं. लाओ लोकांची एक म्हण आहे: पुरुष हत्तीचे पुढचे पाय, बाई मागचे. खाचर बाईचं, बाजारातला गल्ला तिच्या हातात, घरातल्या पैशाचा हिशेब तिच्याकडे, पण वाट कुठे वळवायची हे पुढच्या पायांनी ठरवायचं. पहाटे भिक्खूंच्या रांगेला चिकट भात वाढायला गुडघ्यांवर बसलेल्या बहुतेक बायकाच असतात. भिक्खू मात्र होता येतं ते मुलाला. तो काही दिवस चीवर पांघरतो आणि त्याचं पुण्य आईच्या खात्यावर जमा होतं, असं मानतात. गावाचा मुखिया, 'नाय बान', हा जवळजवळ सगळीकडे पुरुषच. म्हणजे मालमत्ता मुलीकडून मुलीकडे आणि अधिकार पुरुषाकडून पुरुषाकडे, अशी दोन वेगळी पात्रं शेजारी शेजारी वाहत होती. कागद येईपर्यंत ती एकमेकांत मिसळली नव्हती.

कागद कसा आला

२ डिसेंबर १९७५ ला राजेशाही संपली आणि लाओ जनवादी लोकशाही प्रजासत्ताक जाहीर झालं. पुढच्या काही वर्षांत देशाच्या लोकसंख्येतली दहांतली एक व्यक्ती मेकाँग ओलांडून थायलंडकडे निघून गेली. १९७८ पासून सहकारी शेतीचा रेटा लावण्यात आला, शेतकऱ्यांनी तो मनावर घेतला नाही आणि लवकरच तो सोडून द्यावा लागला. १९८६ मध्ये 'नवी आर्थिक यंत्रणा' आली, बाजार उघडला. राज्यघटनेनुसार जमीन आजही राष्ट्राचीच, लोकांना मिळतो तो वापराचा हक्क. पण हा हक्क विकता येतो, गहाण ठेवता येतो, मुलांना देता येतो. मग तो कुणाचा, हे लिहून ठेवणं आलं. जागतिक बँक आणि ऑस्ट्रेलिया सरकार यांच्या मदतीनं जमिनीचे पट्टे देण्याचा मोठा प्रकल्प १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला, तो शहरं आणि त्यांच्या आसपासच्या सखल पट्ट्यापासून.

पट्टा देताना पुरावा काय बघायचा? वारसाची गोष्ट तोंडी. हातात असायची ती जमीन-कराची पावती. आणि पावतीवर नाव असायचं कुटुंबप्रमुखाचं, कारण कर भरायला, सभेला जायला, 'नाय बान'पुढे उभं राहायला घरातून पुरुष जायचा. आजीला वाटायचं, जाऊ दे, कोणाचं का नाव असेना, शेत कुणाचं ते गावाला ठाऊक आहे. तिच्या हिशेबी पावती म्हणजे फक्त पैसे भरल्याची खूण. मोजणीच्या पथकाच्या हिशेबी ती मालकीची खूण. एकाच चिठोऱ्याचे दोन अर्थ, आणि सरकारी दप्तरात गेला तो दुसरा.

गंमत म्हणजे कायदा बाईच्या विरोधात नव्हताच. १९९० चा कुटुंब कायदा मालमत्तेचे दोन भाग करतो. 'सिन देउम' म्हणजे मूळचं: लग्नाआधीचं, किंवा माहेरून वारशानं आलेलं. ते ज्याचं त्याचं राहतं. 'सिन सोमसांग' म्हणजे दोघांनी मिळून उभं केलेलं. ते दोघांचं. (लाओ बायका नेसतात त्या विणलेल्या वस्त्रालाही 'सिन'च म्हणतात. सूर वेगळा, पण परक्या कानाला फरक कळत नाही.) आपल्या स्त्रीधनाशी 'सिन देउम'ची तुलना करायचा मोह होतो. फरक एवढाच, की आपल्या स्त्रीधनात दागिने आणि भांडी आधी आठवतात, तिथे आधी आठवतं ते भाताचं खाचर.

तेव्हा रिवाज मुलीच्या बाजूचा, कायदा तिच्या आड न येणारा. तरी जमीन निसटली ती नमुन्यातल्या एका रकान्यातून. हे मला या प्रकरणातलं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. 'जुन्या रूढींनी बाईला दाबलं, आधुनिक राज्यानं सोडवलं' ही गोष्ट आपल्याला इतकी पाठ आहे की ती उलटीही घडू शकते हे चटकन ध्यानात येत नाही. इथे रूढीनं दिलेलं राज्यानं नकळत काढून घेतलं. नकळत हा शब्द महत्त्वाचा. रकाना बनवणाऱ्याच्या डोक्यात कुटुंबप्रमुख म्हणजे पुरुष, यापलीकडे काही कारस्थान नव्हतं.

महिला संघाची बैठक

चूक लक्षात आणून दिली ती लाओ महिला संघानं. ही संघटना आपल्याकडच्या महिला मंडळासारखी नाही आणि स्वयंसेवी संस्थाही नाही. १९५५ साली क्रांतिकारकांच्या चळवळीत जन्मलेली, सत्ताधारी पक्षाशी बांधलेली, राज्यघटनेत स्थान असलेली, दहा लाखांच्या आसपास सभासद असलेली ती यंत्रणा आहे. गावोगाव तिची शाखा. वर्षानुवर्षं तिनं बायकांना शिकवलं ते 'तीन चांगल्या'चं सूत्र: चांगली नागरिक, चांगली पत्नी, चांगली आई. सरकारच्या विरोधात ती कधी उभी राहील अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. पण तिच्याकडे एक गोष्ट होती जी मोजणीच्या पथकाकडे नव्हती: गावातल्या बायकांशी त्यांच्याच भाषेत, पुरुष नसताना बोलण्याची सोय.

१९९० च्या दशकाच्या शेवटी संघाच्या माहिती केंद्रानं घराघरांत विचारपूस केली. प्रश्न साधा होता. जमीन आली कुणाकडून, आणि कागद कुणाच्या नावावर? दोन उत्तरं जुळेनात. माहेरून आलेल्या जमिनी नवऱ्यांच्या नावावर निघाल्या.

त्यानंतर पद्धत बदलली. मोजणी येण्याआधी गावात महिला संघाची बैठक व्हायला लागली, बायकांची वेगळी. पट्टा म्हणजे काय, करपावतीपेक्षा तो वेगळा कसा, 'सिन देउम' कोणतं, 'सिन सोमसांग' कोणतं, हे आधी सांगितलं जाऊ लागलं. पथकात बायका घेतल्या. नोंदीच्या वेळी नवरा-बायको दोघं हजर असावीत हे बघितलं जाऊ लागलं. २००३ च्या जमीन कायद्यात तर लिहूनच टाकलं की दोघांच्या सामायिक जमिनीवर दोघांची नावं हवीत.

याचा परिणाम झाला. प्रकल्पात दिल्या गेलेल्या पट्ट्यांत फक्त बाईच्या नावाचे पट्टे फक्त पुरुषाच्या नावाच्या पट्ट्यांपेक्षा जास्त निघाले, आणि दोघांच्या नावाचे तर सगळ्यात मोठ्या संख्येनं. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्यासाठी शेतकरी संघटनेला लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढावी लागली, नवऱ्यांना भर सभेत आवाहन करावं लागलं, हे ज्यांना आठवतं त्यांना या निकालाचं मोल कळेल. आपल्याकडे नवऱ्यानं द्यायचं होतं. तिथे बाईचं होतं तेच लिहायचं राहिलं होतं.

अर्धं मिळालं, अर्धं गेलं

इथवर गोष्ट गोड आहे. मला खटकतो तो पुढचा भाग, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

आपल्या उदाहरणातल्या घरात पथक पुन्हा येतं, असं समजू. या वेळी धाकटी बैठकीला जाऊन आलीय. दोघं शेजारी बसतात, दोघांची नावं लागतात, दोघांचे फोटो, दोघांच्या सह्या. अहवालात हे घर यशाच्या बाजूला मोजलं जातं. पण खाचर तर आईनं धाकटीला दिलं होतं. कायद्यानं ते 'सिन देउम', सगळंच्या सगळं तिचं. दोन नावं लागली आणि ते दिसायला 'सिन सोमसांग' झालं. उद्या नवऱ्यानं दुसरं घर केलं, सोडचिठ्ठी झाली, तर निम्म्यावर तो हक्क सांगू शकतो. मूळचं माझंच होतं हे सिद्ध करायचं ओझं तिच्यावर, आणि साक्षीदार असलेली ती चार माणसं तोवर राहिली असली तर.

मग तिनं एकटीचं नाव का लावून घेतलं नाही? कायद्यानं मुभा होती, काहींनी लावूनही घेतलं, वर सांगितलेले फक्त बाईच्या नावाचे पट्टे त्यांचेच. पण सगळ्या गावासमोर, नवरा शेजारी बसलेला असताना, 'यांचं नाव नको' म्हणणं किती जणींना जमेल? तो बिचारा दहा वर्षं सासऱ्याच्या चिखलात राबलाय. सासरी राहणाऱ्या जावयाला मान हवाच असतो. त्याला परकं वाटू नये म्हणून आजीही म्हणते, असू दे ग, दोघांचं लाव. दोन नावं हा घरात शांतता ठेवणारा तोडगा आहे. चूक असा नाही, पण ज्या बाईकडे आधी काहीच नव्हतं तिला तो निम्मं देतो, आणि जिचं सगळं होतं तिचं निम्मं घेतो.

पहिल्या प्रकारच्या बायका लाओसमध्ये आहेत, फार लांबही नाहीत. सरकार ५० वांशिक समूह मोजतं, त्यांत लाओ हा निम्म्याच्या थोडा वर. उत्तरेच्या डोंगरांत ह्मोंग राहतात. तिथे सगळं उलट. कुळ बापाचं, मुलगी लग्नानंतर नवऱ्याच्या कुळात जाते, तिथल्या पितरांची होते, आणि नवरा गेला तरी बहुधा त्याच कुळाच्या आधारानं राहते. म्हातारपणी आईबापांजवळ राहतो तो धाकटा मुलगा. अशा घरात पट्ट्यावर बायकोचं दुसरं नाव लागणं ही खरोखर नवी गोष्ट ठरली असती. पण पट्ट्यांचं काम सुरू झालं सखल भागापासून, शहरांच्या कडेपासून. डोंगरउतारावरच्या फिरत्या शेतीला कसला पट्टा? जिथे औषधाची गरज होती तिथे ते उशिरा पोचलं, जिथे वेगळं औषध हवं होतं तिथे हेच दिलं गेलं.

याच ह्मोंग समाजातल्या पानी याथोतू २०१० मध्ये राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे संसदेच्या, पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या, २०२१ मध्ये देशाच्या उपाध्यक्ष. त्या सभेत २०१६ च्या निवडणुकीनंतर १४९ पैकी ४१ बायका होत्या. राजधानीत इतक्या आणि गावच्या मुखियांत शोधून सापडत नाहीत. वरून खाली येताना बायका कुठे गळतात, हे ज्याला बघायचं त्यानं गावाच्या पातळीवर बघावं. नोंदी तिथेच होतात.

रस्ता येतो, मोबदला येतो, आणि धाकटी निघून जाते

नाव कुणाचं याला दहा-पंधरा वर्षं फारसा अर्थ नव्हता. भात तोच, खाणारी तोंडं तीच. अर्थ आला तो जमिनीला भाव आल्यावर. व्हिएन्टिएनभोवती गोदामं, वसाहती, द्रुतगती मार्ग, आणि डिसेंबर २०२१ मध्ये चीनकडे जाणारी रेल्वे. मार्गात जमीन गेली की मोबदला कागदावरच्या नावाला. समृद्धी महामार्गाच्या वेळी आपल्याकडे कितीतरी बहिणींची आठवण भावांना सह्यांपुरती झाली, तसलाच हा क्षण. फरक एवढाच, की तिथे सही लागते नवऱ्याची, आणि शेत सासूकडून आलेलं.

दुसरा बदल जास्त खोलवरचा आहे, आणि तो कुठल्याच नमुन्यात मावत नाही. धाकटी आता घरी राहीलच असं नाही. १९९० नंतर व्हिएन्टिएनमध्ये कपड्यांचे कारखाने आले, तिथे शिलाईयंत्रांवर बहुतेक गावाकडच्या पोरीच. त्याहून मोठी ओढ नदीपलीकडच्या थायलंडची. १९९४ ला पहिला मैत्री पूल झाला. पलीकडच्या ईसान भागातली बोली लाओच म्हणायची, त्यामुळे भाषेचा अडसर नाही. घरकाम, खानावळी, कारखाने, जिथे काम मिळेल तिथे. २०२२ पासून लाओसचं चलन किप घसरलं, २०२३ च्या सुरुवातीला महागाई ४० टक्क्यांच्या वर गेली. मग आईनं पोरीला अडवायचं तरी कशाच्या जोरावर? थाई बाटमध्ये, म्हणजे थायलंडच्या चलनात, आलेला तिचा पगार घर चालवतो.

जुन्या व्यवस्थेत सौदा सरळ होता. जी राहील, जी म्हातारपण काढेल, घर तिचं. आता जी जाते तीच म्हातारपणाचा खर्च उचलते, आणि राहते ती थोरली, किंवा मुलगा, किंवा कुणीच नाही. पैसे पाठवणं म्हणजे सांभाळणं का? यावर घराघरांत वाद आहेत. काही ठिकाणी थोरली म्हणते, आईला रोज आंघोळ मी घालते. काही ठिकाणी धाकटी म्हणते, छताचे पत्रे माझ्या पैशांचे. दोघींचं खरं आहे. पूर्वी असा वाद उद्भवतच नसे, कारण आंघोळ घालणारी आणि पत्रे आणणारी एकच असे.

आणि जावई? त्याची जागाही हलली आहे. शहरात नोकरी करणारं जोडपं आता सासूच्या घरी जात नाही, भाड्याच्या खोलीत किंवा बँकेचं कर्ज काढून घेतलेल्या दोन खोल्यांत राहतं. ते घर सर्वार्थानं 'सिन सोमसांग', तिथे दोन नावं अगदी रास्त. २००३ च्या कायद्याच्या मनात बहुधा हेच घर असावं. पण तो आधी लागू पडला तो जुन्या घरांना.

पुन्हा आपल्या उदाहरणातल्या घराकडे. आजोबा गेलेत. जावई आणि धाकटी दोघं नदीपार कामाला, नातवंडं आजीजवळ. पट्टा प्लास्टिकच्या पाकिटात घालून आजीनं लाकडी पेटीत ठेवलाय, ज्या पेटीत तिच्या आईनं विणलेलं, नागाच्या नक्षीच्या काठाचं रेशमी सिन आहे. सिन कुणाला द्यायचं ते ठरलेलं आहे, मोठ्या नातीला. पट्ट्यावर दोन नावं आहेत, दोन्हीपैकी एकही तिचं नाही. लाओ नववर्षाला एप्रिलमध्ये पोरगी चार दिवस येईल तेव्हा विचारू, असं ती दरवर्षी म्हणते. मग पाणी खेळण्यात, मनगटांना दोरे बांधण्यात, पाहुण्यांना भात वाढण्यात चार दिवस निघून जातात.